शाईने काढलेली रात्रपाळी

आम्ही दोघे मिळून एक खेळ बनवतो आहोत. इचलकरंजीतली बंद पडलेली यंत्रमागाची शेड, रात्रीची वेळ, हातात एक बंदूक आणि अंधारातून चालत येणारी मेलेली माणसे. चित्रे सगळी माझ्या हातची, कागदावर, काळ्या शाईने काढलेली. कोड माझ्या जोडीदाराचा. तिसरे कोणी नाही. हे काम करता करता जे हाती लागले ते इथे लिहून ठेवतो. अशाच एखाद्या छोट्या खेळाच्या मागे लागलेल्यांना त्यातले काही उपयोगी पडावे, एवढीच इच्छा.

१. झॉम्बी घ्यायला संकोचू नका

झॉम्बीचा खेळ करतोय म्हटले की जाणकार मंडळी नाक मुरडतात. ते सगळे कधीच करून झाले, म्हणतात. मला तसे वाटत नाही. एकट्यादुकट्याने काम करणाऱ्याला याच्याइतका उदार राक्षस दुसरा मिळणार नाही. तो सावकाश चालतो, त्यामुळे चालीची थोडी चित्रे पुरतात. तो बोलत नाही, त्यामुळे ओठ हलवावे लागत नाहीत. त्याला आडोसा घेता येत नाही, डावपेच कळत नाहीत. आणि तो कोणाच्याही मालकीचा नाही. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ साली आला. चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलताना पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरो यांचे त्यात मोठे नुकसान झाले, पण माणसे खात हिंडणारी ती मेलेली गर्दी सगळ्या जगाला मोकळी मिळाली. २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने तीच गर्दी डोंबिवलीत आणून सोडली.

मला मात्र या प्राण्याकडे ओढले ते त्याच्या जुन्या गोष्टीने. झॉम्बी मूळचा हैतीचा. उसाच्या मळ्यांत गुलामांना मरेपर्यंत राबवले गेले त्या भूमीत लोकांना मरणापेक्षाही मोठी भीती वाटायची ती मेल्यावरही राबावे लागण्याची. तिथल्या लोककथेतला झॉम्बी कोणाला चावत नाही. तो मालकासाठी मुकाट काम करतो. १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’ चित्रपटात साखरेच्या गिरणीत मेलेली माणसे यंत्र फिरवत असतात. एक जण आत पडतो, बाकीचे थांबतसुद्धा नाहीत. ते दृश्य पाहिले आणि मला आमच्या गावच्या शेड आठवल्या. माझ्या वडिलांनी मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या आहेत. म्हणून आमच्या खेळातल्या मेलेल्यांना मांस नको असते, त्यांना पुन्हा मागावर उभे राहायचे असते. खेळणारा त्यांच्या वाटेत उभा आहे, भांडण एवढेच. गोष्ट एवढी ठरली आणि पुढचे कितीतरी निर्णय आपोआप सुटले.

२. कोन ठरवा, मग पेन्सिल उचला

थेट वरून पाहायचा खेळ म्हटला की आठ दिशा आल्या. चालण्याच्या एका फेऱ्याला आठ चित्रे धरली तर एका पात्राच्या नुसत्या चालीला चौसष्ट चित्रे झाली. उजवीकडची चित्रे उलटवून डावीकडे वापरली तरी पाच दिशा उरतात, म्हणजे चाळीस. धडपडणे, झेपावणे, पडणे अजून यायचेच आहे. बाजूने पाहायचे ठरवले तर चालीला आठ चित्रे पुरतात. संगणकाने त्रिमितीत खेळ करणाऱ्याला कॅमेरा नंतर फिरवता येतो. हाताने काढणाऱ्याला ती सोय नाही. त्याचा कॅमेरा कागदावर पहिली रेघ ओढली तेव्हाच पक्का झालेला असतो.

आम्ही मधली वाट घेतली. जमीन तिरकी, वरून दिसणारी. माणसे बाजूने काढलेली. ती पडद्यावर वर-खाली चालली तरी त्यांचे तोंड डावीकडे किंवा उजवीकडेच असते. १९८९ च्या ‘फायनल फाइट’सारख्या मारामारीच्या आर्केड खेळांनी हीच रचना वापरली होती आणि कोणाला ती कधी खटकली नाही. बंदुकीचा हात तेवढा सुटा काढून खांद्यात अडकवला आहे, तो कुठल्याही कोनात फिरतो. चित्र उलटवले की डाव्या गालावरची जखम उजव्या गालावर जाते, पण खेळण्याच्या धांदलीत ते कोणाला दिसत नाही. शर्टावरची अक्षरे मात्र लगेच दिसतात, म्हणून आमच्या कोणाच्याही शर्टावर अक्षर नाही.

३. आधी ठोकळ्यांना गोळ्या घाला

एकही चित्र न घालता खेळ खेळून बघा. खेळणारा म्हणजे निळा ठोकळा, झॉम्बी म्हणजे राखाडी ठोकळे, गोळी म्हणजे ठिपका. राखाडी ठोकळ्यांपासून पळताना छातीत धडधडले तरच पुढे जायचे. एका हाताने चालायचे आणि दुसऱ्या हाताने नेम धरायचा ही रीत १९८२ च्या ‘रोबोट्रॉन २०८४’ने लोकप्रिय केली. युजीन जार्विस आणि लॅरी डेमार यांचा तो आर्केड खेळ. त्यातली माणसे काही ठिपक्यांची, पण आजही तो सुरू केला की घाम फुटतो. कारण सगळे रहस्य वेगांच्या परस्पर नात्यात आहे: तुम्ही किती जलद, ते किती जलद, गोळी किती जलद, दोन गोळ्यांत किती वेळ.

आमचा नियम असा ठरला की एकट्या झॉम्बीला खेळणारा कधीच सापडू नये. तो नेहमी थोडासा संथ. चार जणांनी मिळून मागांमधली गल्ली बंद केली तरच सापडावे. मग मरण आले तरी ‘मी कोपऱ्यात शिरायला नको होते’ असे खेळणाऱ्याला वाटते, खेळावर राग निघत नाही. हे सगळे ठोकळ्यांवरच ठरते आणि ठोकळा पुसून टाकायला काहीच लागत नाही. कागदावर काढलेला माणूस काढून टाकताना हात अडखळतो. त्या मायेपोटी वाईट खेळ तसाच पुढे रेटला जातो, हे मी इतरांच्या कामात फार पाहिले आहे.

४. आधी बोटाला उत्तर, मग डोळ्याला

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा, आणि तो ॲनिमेशन शिकून आलेल्याला सर्वांत जड जातो. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यातले एक म्हणजे पूर्वतयारी. उडी मारणारा आधी वाकतो, चेंडू फेकणारा आधी हात मागे नेतो. त्याशिवाय हालचालीत वजन येत नाही. आम्ही सगळे याच तत्त्वावर वाढलो.

आता हिशेब बघा. हाताने काढलेली हालचाल साधारणपणे सेकंदाला बारा चित्रांची असते. एक चित्र ८३ मिलिसेकंद टिकते. गोळी झाडण्याआधी हात उचलण्याची तीन सुंदर चित्रे घातली की बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत पाव सेकंद गेला. खेळ मात्र सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवतो, म्हणजे १७ मिलिसेकंदांना एकदा, आणि बोटाला त्याच वेगाने उत्तर हवे असते. पाव सेकंद उशिरा सुटणारी बंदूक जड वाटत नाही, बिघडलेली वाटते.

म्हणून खेळणाऱ्याच्या पात्राला पूर्वतयारी द्यायची नाही. बटण दाबले त्याच क्षणी सर्वांत टोकाचे चित्र लावायचे: हात मागे फेकलेला, नळीतून ज्वाला, खांदा वाकलेला. चित्रांची सगळी श्रीमंती त्यानंतर खर्च करायची. हात खाली येणे, खांदा सावरणे, धुराची बारीक रेघ, यासाठी हवी तितकी चित्रे काढा, फक्त खेळणाऱ्याने मधेच पुन्हा बटण दाबले तर ती तिथेच तोडता आली पाहिजेत. वजन येते, पण गोळीच्या पाठीमागून येते.

झॉम्बीसाठी सगळे उलट. त्याला भरपूर पूर्वतयारी. झेपावण्याआधी आमचा झॉम्बी मान एका बाजूला टाकतो, दोन्ही हात मागे नेतो आणि तिथे किंचित थांबतो. तो थांबण्याचा क्षण म्हणजे खेळणाऱ्याला दिलेला शब्द आहे: आता मी येणार, तू हल. वर्षानुवर्षे चित्रे काढून जे शिकलो त्याचा खरा उपयोग मला इथे सापडला.

‘कपहेड’ बघताना ही विभागणी स्वच्छ दिसते. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या भावांचा हा खेळ २०१७ साली आला. १९३० च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनची नक्कल म्हणून सगळे त्याचे कौतुक करतात. चित्रे खरोखर कागदावर काढलेली, शाई माया मोल्डनहॉवर यांनी केलेली, पार्श्वभूमी जलरंगांत. मला त्यातले कौतुक वेगळ्याच गोष्टीचे वाटते. चित्रे सेकंदाला चोवीसच्या जुन्या चालीने हलतात आणि खालचा खेळ साठच्या वेगाने बोटाचे ऐकतो. मोठे शत्रू आधी फुगतात, डोळे वटारतात, मगच वार करतात. कपहेड स्वतः मात्र बोट हलताच झाडतो.

५. काळा भरून बघा

प्रत्येक पात्र पूर्ण काळे भरायचे आणि हात लांब करून कागद धरायचा. नुसत्या आकारावरून कोण आहे ते कळले तर ठेवायचे. आमच्याकडे एक वाकलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे, एक उंच किडकिडीत, एक खांद्यावर बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, घेतलेला. पन्नास जणांच्या गर्दीत पहिली गोळी कोणाला घालायची हे खेळणाऱ्याला एका नजरेत ठरवायचे असते. डोळ्यांखालच्या सुरकुत्या तिथे कामाच्या नाहीत.

६. एकाचे बहात्तर करा, पण डोकी हाताने काढा

प्रत्येक झॉम्बी पूर्ण काढायला बसलो तर जन्म पुरणार नाही. इथे मला जेम्स सिल्व्हा यांचा मार्ग फार उपयोगी पडला. न्यूयॉर्क राज्यातला हा एकटा गडी. त्याचा ‘द डिशवॉशर’ हा खेळ २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या ड्रीम-बिल्ड-प्ले स्पर्धेत जिंकला आणि २००९ साली एक्सबॉक्सवर आला. चित्रे, कोड, संगीत, सगळ्यात त्याचाच हात. खेळ कसे बनवायचे यावर त्याने एक पुस्तकही लिहिले, आणि त्यात शिकवण्यासाठी घेतलेला नमुना म्हणजे झॉम्बींना बदडण्याचा खेळ. त्याची पद्धत तुकड्यांची: डोके, धड, दंड, मांड्या सुटे काढायचे आणि ते जोडून पात्र उभे करायला स्वतःच एक छोटे साधन लिहायचे.

आमच्याकडे सहा डोकी, चार धडे आणि पायांच्या तीन जोड्या आहेत. गुणाकार केला की बहात्तर माणसे. चाल एकच, पण प्रत्येक जण ती वेगळ्या चित्रापासून सुरू करतो आणि वेग थोडा कमी-जास्त असतो. एवढे केले नाही तर सगळे एका लयीत पावले टाकतात आणि गर्दीची कवायत होते.

तुकडे जोडले की हालचाल कागदी बाहुलीसारखी सरकते, ही या पद्धतीची उणीव. त्यावर आमचा उपाय जुना आहे. प्रत्येक तुकडा तीनदा गिरवायचा आणि ती तीन चित्रे आळीपाळीने दाखवायची. हात कितीही सराईत असला तरी तीन रेघा तंतोतंत एकावर एक पडत नाहीत, म्हणून उभा राहिलेला माणूसही किंचित थरथरतो. मेलेल्या माणसाला ही थरथर शोभते. संगणकाने रेघ हलवून असे करता येते, पण ती थरथर सगळीकडे सारखी असते. हाताची थरथर बोटांपाशी जास्त आणि पाठीवर कमी असते, कारण बारीक जागी पेन जपून चालते.

डोक्यांवर मात्र मी कुठलीही काटकसर केली नाही. सहाही जण वेगळी माणसे आहेत. एकाच्या कानामागे पेन्सिल आहे, एकीच्या केसांत सुताचे तंतू अडकले आहेत. चेहरे काढताना मला आमच्या गल्लीतले लोक आठवत होते, आणि वाटत होते की ज्याच्यावर नेम धरायचा तो कोणीतरी होता, हे खेळणाऱ्याला दिसले पाहिजे. हाताने काढलेल्या खेळाकडून मला हेच हवे आहे. तयार मॉडेल विकत घेऊन केलेल्या गर्दीत चेहरा असतोच, पण तो पाहून काढलेला नसतो.

७. गर्दीला वाट एकदाच सांगा

हा भाग जोडीदाराचा, पण चित्र काढणाऱ्यालाही तो कळायला हवा. एके दिवशी तो म्हणाला, “दादा, दोनशेच्या वर गेलो की मशीन धापा टाकतंय.” प्रत्येक झॉम्बी स्वतःची वाट स्वतः शोधत होता आणि शिवाय प्रत्येक जण बाकी सगळ्यांशी टक्कर होतेय का ते तपासत होता. दोनशे जणांच्या जोड्या होतात १९,९००, आणि तपासणी सेकंदाला साठ वेळा.

त्याने वाट उलटी शोधली. शेडची जमीन चौकटींत वाटली. खेळणारा उभा आहे ती चौकट शून्य. तिच्या शेजारच्या एक, त्यांच्या पलीकडच्या दोन, मागांना वळसा घालून असे आकडे साऱ्या शेडभर पसरवायचे. आता कुठल्याही झॉम्बीला काही शोधावे लागत नाही. शेजारच्या चौकटींत जो आकडा लहान, तिकडे पाऊल टाकायचे. खेळणारा हलला की आकडे पुन्हा मांडायचे, सगळ्यांसाठी मिळून एकदाच. टक्करही फक्त आपल्या आणि लगतच्या चौकटीतल्यांशी तपासायची. गोळ्याही दर वेळी नव्या बनवत नाही. संपलेली गोळी बाजूला ठेवून तीच पुन्हा वापरतो, त्यामुळे जुन्या गोळ्यांची साफसफाई करायला खेळ मधेच अडखळत नाही.

याचा एक परिणाम मला आवडला नाही. सगळे जण मुंग्यांच्या रांगेने एकाच गल्लीतून यायला लागले. “यांना थोडं हट्टी कर की,” मी म्हटले. मग प्रत्येक झॉम्बीला एक आवड दिली. लंगडा भिंत धरून चालतो, बीमवाला अरुंद गल्ली टाळतो. तेच आकडे, फक्त प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे थोडे वाढवलेले. गर्दी लगेच माणसांची वाटायला लागली.

८. गोळी लागली हे अंगाला कळले पाहिजे

नेदरलँड्समधल्या व्लाम्बीर या दोघांच्या चमूतल्या यान विलेम नायमन यांनी २०१३ साली एक व्याख्यान दिले होते. एक साधा गोळीबाराचा खेळ घेऊन ते एकेक गोष्ट वाढवत जातात: मोठी गोळी, जास्त गोळ्या, नळीतली ज्वाला, धक्का, पडद्याची थरथर, क्षणभराचा थांबा. नियम फारसे बदलत नाहीत, पण शेवटी तो खेळ हातातून सोडवत नाही. गोळीबाराचा खेळ करणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे.

आमच्याकडे गोळी लागली की तो झॉम्बी एका फ्रेमपुरता पूर्ण पांढरा होतो, दोन-तीन फ्रेम सगळे थांबते, तो थोडा मागे जातो आणि शाईचा शिंतोडा उडतो. शिंतोडे खरे आहेत. दौतीतली शाई वेगवेगळ्या उंचीवरून जाड कागदावर टाकली आणि स्कॅन केली. पडलेला माणूस तिथेच राहतो. तो नंतर सुटे पात्र नसतो, जमिनीच्या चित्रावरच उमटवला जातो, म्हणून मशीनला त्याचा भार नाही. रात्र संपता संपता सगळी शेड काळी झालेली असते आणि आपण काय केले ते डोळ्यांसमोर पसरलेले असते. पडलेले लोक दोन सेकंदांत विरून जाणारे खेळ मला पटत नाहीत.

पडद्याची थरथर बंद करायची सोय ठेवाच, काहींना तिने मळमळते. आणि सगळा पडदा लखलखेल असा प्रकाश एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा देऊ नका. फेफरे येणाऱ्यांसाठी तो धोका आहे आणि ही मर्यादा जगभर मानली जाते. बंदूक त्याहून जलद चालत असेल तर ज्वाला लहान ठेवा, पडदा उजळू नका.

९. भोंगा झाला की थांबा

सलग मारामारीने मन बधिर होते. २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये खेळणाऱ्यांवरचा ताण मोजणारी व्यवस्था होती. ताण शिगेला पोचला की ती झॉम्बींचा ओघ आवरून उसंत द्यायची. आमचा पसारा एवढा नाही, पण गावाने एक रचना आयती दिली: पाळी. पाळी सुरू होते, गर्दी येते, भोंगा होतो, आणि मग काही वेळ कोणीच येत नाही. त्या वेळात खेळणारा गोळ्या गोळा करतो, दिवे लावतो, भिंतीवरच्या हजेरीच्या वह्या वाचतो. खेळलेल्यांना सर्वांत भीती याच शांततेत वाटली.

१०. आवाज घरातच असतात

हाड मोडण्याचा आवाज उसाचा आहे. कोल्हापूर भागात ऊस काय कमी? कोवळा ऊस गुडघ्यावर मोडला की बारीक हाड, जाड कांडे फोडले की बरगडी. मांसाला कोबी आणि ओला टॉवेल. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, भाजीला ठेवलेला गड्डा होता तो!” तोही आवाज टेपमध्ये आला, पण खेळात घेतलेला नाही.

मागाचा आवाज मात्र खराच हवा होता. ओळखीच्या एका मागवाल्यांनी चालू शेडमध्ये बसू दिले. एकाच मागाजवळ माइक ठेवून धोट्याची ये-जा टिपली. खेळात त्याचे काम असे: झॉम्बी मागापर्यंत पोचला की तो माग सुरू होतो. आधी एक, मग दोन, मग सगळी शेड खडखडते. आपण किती हरत चाललो आहोत हे सांगायला पडद्यावर कुठलीही पट्टी नाही. कान सांगतो. आणि डावीकडचा माग डाव्या कानात ऐकू येतो, त्यामुळे न वळता कळते की कुठली बाजू ढासळली.

११. खेळणाऱ्याच्या मागे उभे राहा आणि बोलू नका

‘ते बटण दाब ना’ हे शब्द ओठांवर येतात. ते गिळायचे. खेळ विकत घेणाऱ्याच्या मागे आपण उभे नसणार.

भाचा खेळत होता. दार उघडण्यासाठी त्याने त्यावर गोळ्या झाडल्या, मग धडका दिल्या, मग वळून म्हणाला, “मामा, हे दार खोटं आहे का?” दार खरे होते, पण मी ते भिंतीच्याच रेघेने काढले होते. त्यावरून ठरले की ज्याला हात लावता येतो त्याची बाहेरची रेघ जाड, बाकी सगळ्याची बारीक. शाईच्या चित्रात रंगांची मदत नसते, त्यामुळे रेघेच्या जाडीलाच हे काम करावे लागते. नंतर आलेल्या कोणालाही दाराबद्दल काही सांगावे लागले नाही. खेळताना लोक काय म्हणतात त्यापेक्षा कुठे थांबतात, कुठे मागे फिरतात ते लिहून ठेवा. उपाय त्यांना विचारू नका. दुखते कुठे एवढेच ते बरोबर दाखवतात.

१२. एका बैठकीत संपेल एवढाच करा

जेम्स सिल्व्हा यांनीच २००९ साली एक्सबॉक्सवर झॉम्बींचा एक छोटा गोळीबारी खेळ काढला. नावच असे की ‘मी एक खेळ बनवला ज्यात झॉम्बी आहेत’, तेही इंग्रजीत, मुद्दाम अशुद्ध लिहिलेले. किंमत एक डॉलर. पार्श्वभूमीला त्यांनीच केलेले आणि गायलेले गाणे, आणि गाण्याबरोबर पडद्यावरचा प्रकार बदलत जातो. चार जणांना एकत्र खेळता येते. गाणे संपले की खेळ संपला. तो हजारो लोकांनी घेतला. एवढ्याशा जागेत एकही क्षण वाया न घालवणारा दुसरा खेळ मला चटकन आठवत नाही.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात, विक्री हजार डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. विक्रीतले तीस टक्के स्टीमचे. घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून कोणीही पैसे परत मागू शकतो, म्हणजे आमचा अख्खा खेळ संपवूनही मागू शकतो. त्या भीतीने तो ताणून तीन तासांचा करायचा सल्ला आम्हाला मिळाला आहे. आम्ही तो घेणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’सारखा देखणा, मोठा खेळ जगभर पोचवला, त्याचा अभिमान वाटतो. पण तो आमच्याहून मोठ्या चमूचा मार्ग आहे. आमच्याकडे एकच हात चित्रे काढतो. त्या हातातून जेवढ्या पाळ्या नीट उतरतील तेवढ्याच ठेवायच्या.

१३. अक्षरेही काढा

खेळ बनवण्याच्या साधनांत देवनागरी दर वेळी नीट बसत नाही. जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. चांगला फाँट आणि अक्षरे जुळवणारी योग्य व्यवस्था असेल तर हे सुटते, पण शाईच्या चित्रांशेजारी छापील अक्षरे मला परकी वाटत होती. आमच्या खेळात शब्द मुळात थोडे. तेव्हा ‘पाळी’, ‘भोंगा झाला’, ‘गोळ्या संपल्या’, ‘पुन्हा उभे राहा’ हे सगळे बोरूने लिहून चित्र म्हणूनच आत घातले. इंग्रजीसाठी दुसरा संच लिहिला. बदलत राहतात ते फक्त आकडे, म्हणून शून्यापासून नऊपर्यंतचे तेवढे सुटे काढले, तेही प्रत्येकी तीनदा, म्हणजे तेही थरथरतात.